लालच

जरीपटक्यातला गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारून आला,
सीटवर दोन बोटं वाजवली, म्हणाला, सहा हजार.
माझ्याकडे चौदाशे ऐंशी होते
आणि मे महिना.

गाडी भाऊजींची. "पडूनच आहे, घेऊन जा," म्हणाले,
मग नऊ हजार घेतले.
समोर स्टिकर होतं, आई-बाबांचा आशीर्वाद.
त्यांच्या आई-बाबांचा.
केस वाळवायच्या मशीननं शेकलं, नखानं सोललं,
तरी खाली अक्षरं होतीच:
बाकी गाडी उन्हानं विटलेली
आणि तेवढा आशीर्वाद शोरूममधून काढल्यासारखा लालभडक.
ऐंशी नंबरचा पेपर, मग दोनशे वीसचा,
मग चारशेचा, पाण्यात बुडवून.
रफार सगळ्यांत शेवटी गेला.

"काहून एवढं घासून राहिली वं?"
कंपाउंडच्या भिंतीवरून खोब्रागडे काका.
मोतीबागच्या वर्कशॉपात तीस वर्षं डबे रंगवलेला माणूस.
म्हटलं, मोरपंखी मारते.
"मोरपंखी? मंग आरटीओत जा लागन.
पुस्तकात लाल हाये नं."

फॉर्म, फी, एक रजा, त्या रजेचा कापलेला पगार.
रात्री पुस्तक काढून पाहिलं.
रंग: लाल.
कुठला लाल, ते लिहिलं नव्हतं.
विटकरी की डाळिंबी, कुंकवाचा की सिग्नलचा,
तेवढी जागा सरकारनं
माझ्यासाठी मोकळी सोडली होती.

इतवारीत एकावर एक रचलेल्या डब्यांची
झाकणं पाहत उभी राहिले.
दुकानदार म्हणे, "ताई, लाल म्हणजे लालच."
मी भिवापुरी मिरचीवर बोट ठेवलं.
प्राइमर एक, लाल तीन, चकाकीचा एक,
पेपर, टेप, थिनरची बाटली.
उरले साठ. त्यात दोन प्लेट तर्री-पोहे,
एक बांधून काकांना.

पहिला हात मारला तो दुपारी चार वाजता.
पंचेचाळीस डिग्रीत
रंग नळीतून निघायचा ओला
आणि पत्र्यावर पोचायचा कोरडा.
अंगठा फिरवला तर खड्डे-खड्डे, बारीक.
काका हसले, तर्री पुसत:
"ह्याले आमी संत्र्याची साल म्हणत होतो.
बाहेरगावचे पेंटर लई घाबरत तिले.
तुले नागपुरात राहून काय नवल?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता
धूळ बसावी म्हणून अंगणात सडा टाकला.
वाळवणाच्या दोरीवरून जुनी मच्छरदाणी सोडली,
तिच्या आत गाडी आणि मी, नाकाला ओढणी.
आरसे दह्याच्या पिशव्यांत,
नंबर प्लेटवर मागच्या रविवारची वधू-वर जाहिरात.
वीतभर अंतर. हात चालता पाहिजे.
"थांबला का वाह्यलाच," काका भिंतीवरून, दात घासत.

डाव्या बाजूला एक ओघळ आहे.
तिथं भाऊजींचा फोन आला होता.
उचलला नाही,
पण हात थांबला तेवढा.

मग एक थर, वाट पाहणं, एक थर.
वाट पाहताना मी मच्छरदाणीतच बसले
उकिडवी, डबा हलवत;
डब्यातली गोळी टकटक करायची
आणि वरच्या माळ्यावरचं पोर झोपेत रडायचं.
सातला ऊन भिंतीवर आलं.
आठला मच्छरदाणी कायमची गुलाबी झाली होती.
सीटखालचा एक कोपरा मात्र
मी पुन्हा घासलाच नाही.
तिथं चार वाजताची दुपार आहे अजून,
बोटाला लागते.

सोमवारी मेडिकलच्या पार्किंगमध्ये
मीच गाडी जरा उन्हात लावली, दिसावी म्हणून.
नखांच्या कडा लाल. बिलिंगच्या खिडकीत
दिवसभर त्या लपणार नव्हत्या.
पावती फाडणाऱ्या शेंडेंनी चष्मा वर केला,
गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज धुतली वाटते गाडी?"

"हो," म्हटलं. "धुतली."